नवा गेम उतरवायचा? आधी जीबी मोजा, मग लाईन बघा

'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा गेम 4 सप्टेंबर 2025 ला आला, आपल्या घड्याळात संध्याकाळी 7:30 ला. आगाऊ नोंदणी नव्हती, आधी उतरवून ठेवायची सोयही नव्हती. जगभरच्या पोट्ट्यांनी एकाच वेळी बटण दाबलं आणि स्टीम, निन्टेन्डो यांच्यासारखी मोठी ऑनलाइन दुकानं काही काळ चक्क आडवी झाली. त्यात गावातली साडेसातची वेळ म्हणजे टॉवरचा जीव कंठाशी आलेला. वावरातून परतलेलं अख्खं गाव मोबाइल उघडून बसलेलं असतं. दुपारी 25 एमबीपीएसचा वेग देणारा टॉवर तेव्हा 2-3 वर येतो. स्टीमवर या गेमला लागणारी जागा 8 जीबी दिली आहे. रात्री 11 ला टाकला तर साध्या 10 एमबीपीएसवरही तो दोन तासांच्या आत उतरतो. साडेसातपासून झोंबत बसलं तर तोच गेम मध्यरात्रीपर्यंतही पूर्ण होत नाही.

म्हणून तारखेआधी वेळ काढायची. बऱ्याच गेमची वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळात जाहीर होते. उन्हाळ्यात तिकडच्या वेळेत साडेबारा तास मिळवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेतेरा मिळवा. तिकडचे सकाळचे 7 म्हणजे आपली संध्याकाळ, त्या दिवशी घाई करायचीच नाही.

हिशेब तोंडपाठ ठेवायला सोपा आहे. एक एमबीपीएस सलग मिळाला तर तासाला साधारण 450 एमबी उतरतात. 10 एमबीपीएसला तासाला साडेचार जीबी, आणि रात्री 11 ते सकाळी 6 या सात तासांत 31 जीबी. 'बालात्रो' स्टीमवर 150 एमबी मागतो, 'स्टारड्यू व्हॅली' 500 एमबी, 'हेडीस 2' 10 जीबी. हे चहा होईपर्यंत किंवा फार तर एका रात्रीत येणारे गेम. 'सायबरपंक 2077' 70 जीबी मागतो, म्हणजे तीन रात्री. 'बाल्डर्स गेट 3' 150 जीबी, म्हणजे पाच रात्री, आणि तेही एकाही रात्री लाईन गेली नाही तर. कन्सोलवरचा, म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच अशा गेमच्या यंत्रांवरचा, आकार थोडा इकडंतिकडं असतो, दुकानाच्या पानावर तो बघून घ्यायचा. गेम कितीही नावाजलेला असला तरी गावात पहिला प्रश्न हाच.

मोबाइलच्या नेटवर उतरवणाऱ्यांची सर्वात मोठी फसगत 'अमर्यादित 5जी'ची होते. अमर्याद असतं ते फक्त 5जीवर. फोन खिडकीत हॉटस्पॉट लावून ठेवला, पहाटे 3 ला सिग्नल किंचित हलला, फोन गुपचूप 4जीवर उतरला, की रोजचे 2 जीबी काही मिनिटांत फस्त. पुढं वेग 64 केबीपीएस, म्हणजे सकाळी व्हॉट्सअ‍ॅपचा फोटोही उघडत नाही आणि घरचे विचारतात, नेटला झालं तरी काय. उपाय असा: बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर *#*#4636#*#* टाकलं की फोनच्या माहितीचं पान उघडतं. तिथं नेटवर्कचा प्रकार 'एनआर ओन्ली', म्हणजे फक्त 5जी, करा. मग 5जी गेलं तर फोन नेटच सोडून देतो. डाउनलोड थांबतं, पण डेटा वाचतो. मात्र हे जिओच्या सिमवर चालतं, कारण त्यांचं 5जी स्वतंत्र उभं आहे. एअरटेलच्या फोनवरचं 5जी बऱ्याच ठिकाणी 4जीच्या आधारानं चालतं, तिथं हा पर्याय निवडला की नेटवर्कच गायब. एअरटेलवाल्यांनी हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये डेटाची मर्यादा लावून ठेवावी. आणि सकाळी 'एनआर ओन्ली' काढायला विसरू नका, नाहीतर दिवसभर लोक म्हणतील, फोन लागत नाही.

हॉटस्पॉटमध्ये आणखी दोन गोष्टी बघायच्या. 'कोणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद' हा पर्याय काढून टाका, नाहीतर कन्सोल क्षणभर झोपला की हॉटस्पॉटही झोपतो. आणि फोन चार्जिंगला लावून उशीखाली किंवा टीव्हीच्या मागं कोंबू नका. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. लोखंडी जाळीच्या खिडकीत, टिनाच्या सावलीबाहेर, उघड्यावर ठेवलेला बरा.

गावात फायबर किंवा हवेतून येणारं एअरफायबर आलं असेल तर निम्मी डोकेदुखी संपली. जिओच्या एअरफायबरला महिन्याला 1,000 जीबीची मर्यादा असते, गेमसाठी ती भरपूर झाली. जोडणीवाल्यानं लॅनची वायर दिली तर तिच्या टोकात आठही तारा दाबल्यात का, एवढं बघा. चारच दाबल्या तर वेग 100 एमबीपीएसच्या पुढं जात नाही. 40 चा प्लॅन असेल तर तेवढ्यासाठी भांडायला जाऊ नका.

आता लाईन. इथं खरी मेख आहे, आणि ती इन्व्हर्टरच्या मागं एका छोट्या खटक्यात दडलेली आहे. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला दोन मोड असतात, एक यूपीएस आणि एक साधा, ज्याला कोणी नॉर्मल म्हणतं कोणी इको. यूपीएस मोडमध्ये लाईन गेल्यावर बॅटरीवर उडी इतकी पटकन पडते की कन्सोलला कळतही नाही. पण या मोडला साधारण 180 ते 260 व्होल्टच चालतात. संध्याकाळी डीपीवर भार आला आणि व्होल्टेज 170 वर बसलं, की घरात लाईन असतानाही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. रात्री खरोखर लाईन जाते तेव्हा बॅटरी रिकामी. साधा मोड 100 ते 290 व्होल्टपर्यंत सगळं तसंच आत सोडतो. त्यात बॅटरी टिकते, पण लाईन जाताना कन्सोल एकदा विझून पेटतो. डाउनलोड चालू असताना असं झालं तर प्लेस्टेशन 5 पुढच्या वेळी नीट बंद न केल्याचं सुनावतो आणि बाहेरची हार्डडिस्क जोडलेली असेल तर ती तपासत बसतो.

मार्ग मधला आहे. संध्याकाळी साधा मोड, झोपण्याआधी व्होल्टेज बघून यूपीएस मोड. तपासायला साधा मीटर पुरतो, नाहीतर पंख्याचा वेग सांगतोच. चौकोनी लहरींचा जुना इन्व्हर्टर असेल तर त्यावर कन्सोल लावूच नका, शुद्ध साइन वेव्हचाच हवा. बॅटरीचा हिशेब असा: 12 व्होल्टची 150 एएच बॅटरी कागदावर 1,800 वॅट-तास, वापरायच्या त्यातल्या निम्म्या. साधे दोन पंखे मिळून 150 वॅट, म्हणजे सहा तासांत सगळं गेलं. मे महिन्यात गेम आणि पंखा यांत पंखाच जिंकणार, त्यावर घरात चर्चा होत नसते. म्हणून कन्सोलला इन्व्हर्टर द्यायचा तो रात्रभर चालण्यासाठी नाही, धक्का न बसता थांबण्यासाठी. राउटरला मात्र 12 व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस घ्या. घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर 1 अँपिअर लिहिलंय की 2, ते वाचा. कमी अँपिअरचा घेतला तर राउटर दर दहा मिनिटांनी उठबस करतो.

या बाबतीत हातातले कन्सोल सुखी. निन्टेन्डो स्विच किंवा स्टीम डेक यांना स्वतःची बॅटरी आहे, लाईन गेली काय आली काय. स्विच चार्जरला लावून झोपवला तरी उतरवत राहतो. फक्त अर्धवट सोडलेला गेम बंद करून झोपवा. गेम बंद करायचं हे एक्सबॉक्सलाही लागू. त्यात डाउनलोडच्या रांगेत चालू गेम थांबवून वेग वाढवायचं बटणच दिलंय. प्लेस्टेशन 5 मध्ये सेटिंग, सिस्टिम, पॉवर सेव्हिंग इथं जाऊन विश्रांतीतही नेट चालू ठेवायचा पर्याय आहे, तो लावल्याशिवाय रात्रीचं डाउनलोड होत नाही.

जागेची गोष्ट. एक्सबॉक्स सिरीज एसच्या 512 जीबीतले वापरायला 364 जीबी मिळतात. पहिल्या प्लेस्टेशन 5 च्या 825 मधले 667. साध्या स्विचमध्ये 32 जीबी, म्हणजे कार्डाशिवाय गती नाही. बाहेरच्या यूएसबी हार्डडिस्कवर नव्या पिढीचे गेम ठेवता येतात, पण तिथून चालवता येत नाहीत, आत हलवावे लागतात. तरी गावात ती हार्डडिस्क घ्याच. आत हलवायला काही मिनिटं लागतात, पुन्हा उतरवायला तीन रात्री. तालुक्याला कोणाकडं चांगलं फायबर आणि तोच कन्सोल असेल तर हार्डडिस्क पिशवीत टाकून न्या, तिकडं भरा, घरी आणा. एक्सबॉक्सवर हे अगदी सरळ चालतं. खेळायला मात्र गेम तुमच्या खात्यावर घेतलेला हवा. डेक असेल आणि लॅपटॉपवर तोच गेम असेल तर दोन्हीकडं स्टीम उघडून घरच्या वाय-फायवरून पाठवता येतो, बाहेरचा डेटा जवळपास लागत नाही. स्विचला आणखी एक गुण आहे, तो फार कमी जणांना ठाऊक असतो. शेजाऱ्याच्या स्विचवर गेमचं नवं अपडेट असेल तर दोन्ही स्विच जवळ ठेवून नेटशिवाय ते घेता येतं. गेमवर प्लसचं बटण दाबा, सॉफ्टवेअर अपडेटमध्ये जा, जवळच्यांशी आवृत्ती जुळवायचा पर्याय तिथंच आहे.

कार्ड घेताना बाजारातल्या स्वस्ताईला भुलू नका. आठवडी बाजारात मिळणारं '1 टीबी'चं कार्ड आतून 32 जीबीचं निघतं. गेम उतरतो, उतरतो, आणि एक दिवस उघडतच नाही. लॅपटॉपवर एच2टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवून कार्ड पूर्ण भरून तपासा, मगच वापरा. 5 जून 2025 ला आलेल्या स्विच 2 ला तर जुनं कार्ड गेमसाठी चालतच नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. त्याच कन्सोलवर आणखी एक खड्डा आहे. काही गेमच्या डबीतलं कार्ड 'गेम-की' प्रकारचं असतं. त्यात गेम नसतो, फक्त किल्ली असते, बाकी सगळं नेटवरून. डबी घेतली म्हणजे डेटा वाचला, असं समजून घेतलेलं ते कार्ड गावात डोक्याला हात लावायला लावतं. उलट स्विच 2 वरचा 'सायबरपंक 2077' 64 जीबीच्या कार्डात अख्खा येतो. डबीवर खालच्या बाजूला लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

'सायबरपंक'चाच विषय निघाला म्हणून: 10 डिसेंबर 2020 ला तो जुन्या कन्सोलवर इतका फाटका आला की आठवड्याभरात प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून टाकावा लागला, परत आला जून 2021 मध्ये. ज्यांनी पहिल्याच दिवशी तो उतरवला त्यांनी गेम एकदा आणि मोठमोठी अपडेटं पुन्हा पुन्हा उतरवली. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. 10 जीबीच्या आतला गेम पहिल्याच रात्री घ्या. 50 च्या पुढचा निदान तीन आठवडे थांबवा, तोपर्यंत दुरुस्त्या मूळ डाउनलोडमध्येच मिसळलेल्या असतात.

पैसे परत घेण्याचे नियमही डाउनलोडला बांधलेले आहेत. प्लेस्टेशनवर 14 दिवसांत पैसे मागता येतात, पण गेम उतरायला सुरुवात झाली की तो हक्क गेला. आगाऊ नोंदणी करताना 'आपोआप उतरव' हा पर्याय लागलेला असतो, तो खात्री नसेल तर काढा. स्टीमवर 14 दिवस आणि दोन तासांपर्यंतचा खेळ, तेवढा उदारपणा प्लेस्टेशनवर नाही. निन्टेन्डोचं भारतासाठी दुकान नाही. खातं ज्या देशाचं, त्याच देशाचं प्रीपेड कोड लागतं, आणि आपलं बँकेचं कार्ड बहुतेक वेळा नाकारलं जातं. कोड घेण्याआधी खात्याचा देश पुन्हा एकदा बघा, चुकीच्या देशाचं कोड परत होत नाही.

नेट जाण्याआधी एक काम करून ठेवायचं. प्लेस्टेशन 5 वर 'कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले' चालू करा, एक्सबॉक्सवर आपला कन्सोल 'होम' ठरवा. नाहीतर चार दिवस टॉवर बंद पडला की पैसे देऊन उतरवलेला गेम कुलपात.

मे महिन्यात बाकी सगळं बरोबर असूनही कन्सोल बंद पडतो. प्लेस्टेशन 5 आणि स्विच दोघांनाही 35 अंशांपर्यंतची खोली लागते. चंद्रपूर-अकोल्याकडं टिनाच्या खोलीत ती मर्यादा सकाळी 10 लाच ओलांडली जाते. खेळायचं ते रात्री किंवा पहाटे. कूलरच्या थेट झोतात कन्सोल ठेवू नका, ओल आणि खाऱ्या पाण्याची पांढरी पूड आत जाते. कपाशीच्या दिवसांत घरात कापूस भरलेला असेल तर रुईचे तंतू पंख्यावर गुंडाळतात. प्लेस्टेशन 5 ची बाजूची पट्टी काढली की धूळ जमायची दोन भोकं दिसतात, महिन्यातून एकदा तिथं व्हॅक्यूम लावा.

आणि जूनच्या पहिल्या गडगडाटात प्लग काढला म्हणून निर्धास्त होऊ नका. वीज लॅनच्या वायरीनंही येते. ढग दिसले की तीही काढून ठेवा, डाउनलोड 96 टक्क्यांवर असलं तरी.