थंड उंदीर बॉल पायथनला उंदीर वाटतच नाही

जिवंत उंदरांवर वाढलेला बॉल पायथन (घरी पाळतात तो छोटा परदेशी अजगर) समोरच्या फ्रोझन उंदराकडे ढुंकूनही बघत नाही, तेव्हा त्याला हट्टी ठरवलं जातं. साप हट्टी नसतो. त्याच्या लेखी समोर उंदीरच नसतो. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांतून त्याला उष्णता कळते. जिवंत उंदराचं अंग साधारण ३७ अंश, हलतं आणि वास मारणारं. आपण धरतो तो ओला, कोमट, निपचित गोळा. म्हणजे काम सापाला शिकवण्याचं कमी आणि त्या गोळ्याला पुन्हा उंदीर बनवण्याचं जास्त आहे.

एवढी खटपट का करायची? कारण कोंडलेला उंदीर चावतो. साप भुकेला नसताना जिवंत उंदीर रात्रभर टाकीत राहिला, तर तो सापाची पाठ कुरतडतो, कधी थेट मणक्यापर्यंत. फ्रोझन दिला की उंदराचे हालही टळतात. मात्र फ्रोझन म्हणून जिवंत उंदीर फ्रीजरमध्ये टाकणं ही क्रूर पद्धत आहे, ती कधीही वापरू नका. आणि घरात किंवा गल्लीत पकडलेला उंदीर तर अजिबात नको. मुंबईत उंदीर मारायला जागोजागी विष टाकलेलं असतं, ते उंदरातून सापाच्या पोटात जातं. शिवाय परजीवी येतात आणि लेप्टोचा धोका आपल्याला होतो. खाद्यासाठी वाढवलेलेच उंदीर घ्या.

उंदराला हात लावण्याआधी टाकी तपासा. निम्म्याहून जास्त नकार इथूनच येतात, असं माझं ठाम मत आहे. गरम बाजू ३१ ते ३२ अंश, थंड बाजू २५ ते २७, आणि दोन्हीकडे अंग चिकटून बसेल अशी घट्ट हाइड, म्हणजे लपायची जागा. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. मुंबईत थंडीचा त्रास फार नाही, पण बेडरूममध्ये रात्रभर एसी चालत असेल तर टाकी गार पडते आणि सकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने बेडिंगला बुरशी धरते, जाळीची हवा मोकळी ठेवा. डोळे निळसर-धुरकट झाले असतील, म्हणजे कात टाकायची वेळ आली असेल, तर खाद्य देऊच नका. नवीन आणलेल्या सापाला किमान आठवडाभर हात न लावता स्थिरावू द्या.

उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, त्याहून जास्त नाही. वजनाने मोजायचं तर पिल्लांना त्यांच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, मोठ्यांना ५ ते ७ टक्के. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, फक्त त्यासाठी वेगळा डबा ठेवा.

आदल्या रात्री उंदीर झिप पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर ठेवू नका, इथल्या उकाड्यात बाहेरून सडायला लागतो आणि आत बर्फ तसाच राहतो. उन्हाळ्यात तर दोन-तीन तासांत वास सुटतो. पोट दाबून बघा, आत कडक गाठ लागली तर अजून वेळ हवा. मग पिशवीसकट गरम पाण्यात बुडवा: बोट जेमतेम सहन करेल इतकं गरम, दहा-पंधरा मिनिटं, पाणी एकदा बदलून. उकळतं पाणी नको, कातडी शिजून फाटते. मायक्रोवेव्ह तर नकोच, आतून शिजतो आणि पोट फुटतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा, डोकं ३८ ते ४० अंश यायला हवं. उंदीर पिशवीतून कोरडाच बाहेर आला पाहिजे. ओल्या केसांवरचं पाणी उडताना तो झपाट्याने गार होतो आणि इथेच अनेकांचं गणित चुकतं. ओला झालाच तर हेअर ड्रायर डोक्यावर फिरवा.

द्यायची वेळ रात्री, दिवे मंद. साप हाइडच्या तोंडाशी डोकं काढून बसला असेल तर उत्तम. तीस सेंटिमीटरचा लांब चिमटा, उंदराची पाठ किंवा शेपटीचं मूळ धरून. हात गरम असतो, सापाने त्याच्यावर झडप घातली तर चूक त्याची नाही. तोंडावर ढकलू नका, भिऊन मागे सरकतो. थोडं दूर, हळू, थांबत-थांबत हलवा, चालणाऱ्या उंदरासारखं. पकडला की लगेच सोडू नका. हलकासा दोन-तीनदा ओढा, म्हणजे तो आवळतो आणि गिळायला लागतो. मग दिवा बंद करून खोलीतून निघून जा.

हलवूनही काही झालं नाही, तर हाइडच्या तोंडाशी कागदावर ठेवून रात्रभर सोडा. पण मुंग्या! टाकीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आणि सकाळी उरलेला उंदीर फेकून द्या, परत गोठवू नका.

पुढचा प्रयत्न सहा-सात दिवसांनी. रोज रोज पुढे धरल्याने साप फक्त घाबरतो. दोन-तीन नकारांनंतर मधली पायरी: नुकताच मारलेला, अजून ऊब असलेला उंदीर. तो दोन-तीनदा घेतला की फ्रोझनवर या. उंदीर कसा मारायचा हे पशुवैद्यांकडून शिकून घ्या, अंदाजाने करायची गोष्ट नाही. याशिवाय जिवंत उंदरांच्या पिंजऱ्यातलं बेडिंग पिशवीत घालून वास चढवा, किंवा डोक्याला छोटी चीर देऊन मेंदूचा थेंब उंदराच्याच नाकाशी लावा. किळस येते खरी, पण काम करतो.

कॉर्न स्नेकच्या ओठांवर त्या खाचा नसतात, तिथे ऊब कमी आणि वास जास्त महत्त्वाचा. न खाणाऱ्या पिल्लाला बिनवासाच्या साबणाने धुऊन नीट खळबळलेली, पुसून कोरडी केलेली पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतंच जन्मलेलं बिनकेसांचं पिल्लू, द्या. बारीक भोकांच्या छोट्या डब्यात पिल्लू आणि पिंकी दोघांना रात्रभर बंद ठेवा, जागा लहान असली की सापडतं. पिंकीला वास चढवायला घरातली पाल वापरू नका, तिच्या अंगावरचे जंतू फुकट घरात येतात.

खाऊन ४८ तास हात लावू नका. उंदीर मोठा असला, आतून गार असला किंवा गरम बाजू गार पडली तर साप ओकतो. ओकला तर १० ते १४ दिवस उपाशी ठेवा आणि पुढचा उंदीर निम्म्या आकाराचा द्या. पुन्हा ओकला तर थेट डॉक्टर.

धडधाकट मोठा बॉल पायथन महिने-महिने न खाता राहतो, विशेषतः हिवाळ्यात. म्हणून नकारांपेक्षा वजनाकडे बघा. दर आठवड्याला तोला आणि लिहून ठेवा, १० टक्के उतरलं की सरपटणाऱ्यांचे डॉक्टर गाठा. पिल्लांच्या बाबतीत इतकी वाट बघू नका.

हे सगळं परदेशी सापांपुरतं. धामण, दिवड, अजगर असे आपले साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरात ठेवता येत नाहीत. आणि बॉल पायथन असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. ते कागद उंदरांच्या डब्याइतकेच हाताशी ठेवा. डबा मात्र घरच्या जेवणापासून वेगळा, झाकणावर नाव घातलेला, फ्रीजरच्या तळाशी, आणि आत ठेवल्याची तारीख लिहून. सहा महिन्यांपुढचे उंदीर देऊ नका, सुकून त्यांचा वासही जातो.