परसातली उन्हाळी संध्याकाळ

ठाण्यात नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत घरामागे परस शिल्लक असणे हे भाग्यच आहे, आणि ते एकट्याने उपभोगू नये असे मला मनापासून वाटते; म्हणून आज शेजारी आणि नातलगांना आंब्याखाली बोलावले. मे महिन्यात येथे पारा 35 अंशांच्या आसपास असला तरी दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि उकाडा अधिक जाणवतो, त्यामुळे ऊन कलल्यावर, पश्चिमेचा वारा सुटल्यावरच सतरंज्या अंथरल्या.

तळण मुद्दाम टाळले. सकाळी उकडलेल्या कैऱ्यांचा गर गूळ, वेलदोडा आणि केशर घालून माठातल्या पाण्यात कालवला. सोबत भिजवलेल्या हरभरा डाळीची आंबेडाळ आणि कलिंगडाच्या फोडी एवढेच ठेवल्यामुळे आम्हां यजमानांनाही निवांत बसता आले, आणि घरगुती बैठकीत माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे. सासूबाईंनी मुलींना सागरगोटे शिकवले, तेव्हा मोबाइल कोणालाच आठवला नाही.

डासांसाठी कुंड्यांखालच्या ताटल्यांतले साचलेले पाणी आधीच ओतून टाकले होते, हे मात्र प्रत्येकाने करावे. पुढची बैठक शेजारच्या काकूंच्या गच्चीवर ठरली आहे. आंबेडाळ त्याच करणार आहेत.