मुदतवाढ

आमच्या घरी दोन स्कूटर आहेत. एक 2011 सालची, माझी; दुसरी 2014 सालची, पत्नीची. दोन्हींच्या पाटीची सुरुवात एमएच-12 ने होते, दोन्ही एकाच जिन्याखाली उभ्या असतात आणि दोन्हींवर समोरच्या गुलमोहराचा कचरा सारखाच पडतो. तरीही गेले वर्ष त्यांच्यात एक ठळक फरक होता. माझ्या स्कूटरला ॲल्युमिनियमची, अशोकचक्राचा चकाकता होलोग्राम असलेली नवी नंबरप्लेट होती, तर तिच्या स्कूटरला कधीकाळी रेडियमवाल्याने चिकटवलेली, एका शून्याचा अर्धा भाग उडून गेल्यामुळे लांबून ‘सी’सारखी दिसणारी जुनी. मुदतीला घाबरणारे माणूस घरात कोणते आणि मुदतीला ओळखून असणारे कोणते, हे या दोन पाट्यांवरून कोणीही सांगू शकले असते.

1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदणी झालेल्या सर्व वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे बोलीभाषेतली एचएसआरपी, बसवून घ्यावी असे राज्यात जाहीर झाले ते 2024 च्या अखेरीस. आणि त्यासाठी 31 मार्च 2025 ही तारीख ठरली. दुचाकीला 450 रुपये, तीनचाकीला 500, मोटारीला 745 आणि वर जीएसटी, असा दर होता. मी स्वभावाने वीजबिल आल्याच्या दिवशी भरणारा माणूस आहे. शाळेत असताना गृहपाठाची वही शनिवारीच पूर्ण करून रविवार चिंतामुक्त घालवणाऱ्या आणि त्यामुळे कोणालाही न आवडणाऱ्या मुलांपैकी मी एक होतो. तेव्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच मी संगणकापुढे बसलो. पत्नीला म्हणालो, “अगं, तुझ्याही गाडीचे आत्ताच करून टाकतो.” ती कोथिंबीर निवडत होती. “अहो, मार्च कुठे पळून चाललाय? तुमचे होऊ द्या, मग माझे बघू,” एवढे म्हणून तिने विषय संपवला.

अर्ज भरताना प्रथम लक्षात येते ते हे की आपल्याला येथे ग्राहक म्हटले जाते. ग्राहक म्हणजे निवड करणारा, असा माझा आजवरचा समज होता. येथे राज्याचे तीन विभाग केलेले होते आणि प्रत्येक विभाग एकेका कंपनीकडे सोपवलेला होता, त्यामुळे कंपनी निवडण्याचा प्रश्न नव्हता. दर ठरलेला होता, त्यामुळे घासाघिशीचा प्रश्न नव्हता. पाटीचा रंग, अक्षर, आकार सारे नियमाने बांधलेले, त्यामुळे पसंतीचा प्रश्न नव्हता. (हे शेवटचे मला मनापासून मान्य आहे. पाटी ओळखण्यासाठी असते, मिरवण्यासाठी नव्हे.) माझ्या हाती उरली ती तारखेची आणि वेळेची निवड, आणि तीही संकेतस्थळावर हिरव्या दिसणाऱ्या मोजक्या चौकोनांतून. लग्नाच्या पंगतीत वाढपी सरळ पानात वाढत जातो तसा हा व्यवहार होता, फक्त जेवणाचे पैसे आपण आधीच भरलेले होते.

त्या अर्जात चेसिस क्रमांकाचे आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे विचारतात. आरसी बुकावर ते असतात. पण माझ्या आरसी बुकाची घडी नेमकी त्या ओळीवर पडलेली असल्याने आठाचा तीन झाला होता की तिनाचा आठ, हे कळेना. शेवटी मी जिन्याखाली सतरंजी अंथरून, मोबाइलचा उजेड पाडून, स्कूटरच्या पोटाखाली डोके घातले. चौदा वर्षांच्या तेलामातीखाली माझ्याच वाहनाचा जन्मजात क्रमांक मला त्या दिवशी प्रथम दिसला. तो आठच होता. वरच्या मजल्यावरचे काका जिना उतरताना थांबले आणि “पडलात की काय?” असे विचारून, उत्तराची वाट न पाहता पुढे गेले.

पहिली वेळ मिळाली ती जानेवारीअखेरची. केंद्र घरापासून अकरा किलोमीटर, एका गॅरेजच्या अर्ध्या भागात थाटलेले. तेथील मुलाने माझी पावती पाहिली, मागच्या खोक्यांमध्ये पाच मिनिटे खुडबूड केली आणि शांतपणे सांगितले, “काका, प्लेट आलेली नाही.” मी म्हणालो, “मग मला येण्याचा निरोप कसा आला?” त्यावर तो म्हणाला, “निरोप वेगळीकडून येतो, प्लेट वेगळीकडून येते.” मला त्याचा राग आला नाही. आपल्याकडच्या बहुतेक योजनांचे दुखणे त्याने एका वाक्यात सांगितले होते आणि तेही पगारात बसत नसताना.

फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा गेलो, तेव्हा प्लेट आलेली होती. ती बसेपर्यंत माझे लक्ष कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेले. काढून टाकलेल्या जुन्या पाट्यांचा तो ढीग होता. त्यात 4141 चे आकडे वळवून ‘दादा’ झालेली एक पाटी होती, 214 मधून घडवलेला ‘राम’ होता, देवनागरी आकड्यांच्या दोन सुबक पाट्या होत्या, ‘आईचा आशीर्वाद’ लिहिण्यासाठी क्रमांकाला चिमटीएवढी जागा ठेवलेली एक होती आणि पेंटरने हाताने रंगवलेली, पिवळट पडलेली, पण अक्षराअक्षरात अंतर राखलेली एकच होती. कायद्याच्या दृष्टीने त्यांतल्या बहुतेक चुकीच्या होत्या, यात वाद नाही. पण क्रमांक हा सरकारने द्यायचा आणि त्यात आपले नाव आपण शोधायचे, ही हौस त्या ढिगात दुमडून पडली होती आणि ती पाहताना माझ्यासारख्या नियमाच्या माणसालाही क्षणभर चोरट्यासारखे वाटले.

नव्या पाटीचे भोक आणि माझ्या स्कूटरच्या पट्टीचे भोक जुळेना. मुलाने ड्रिल मशीन घेतले आणि नवे भोक पाडून स्नॅप लॉक ठोकले. हे लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही, हीच तर तिची उच्च सुरक्षा. पाटी पक्की बसली, परंतु जिच्यावर बसली ती पट्टी सैल झाली. घरी येताना पहिल्या गतिरोधकावर मागून ‘खडर्र’ असा आवाज आला. वाटले, एखादे दगडबिगड असेल.

त्यानंतर मुदत वाढली. मार्चअखेरची एप्रिलअखेर झाली, एप्रिलअखेरची जूनअखेर, जूनअखेरचा 15 ऑगस्ट, 15 ऑगस्टचा 30 नोव्हेंबर आणि 30 नोव्हेंबरचा 31 डिसेंबर. प्रत्येक वेळी पत्नीने बातमी मोठ्याने वाचून दाखवली असे म्हणणे तिच्यावर अन्याय होईल. ती फक्त वर्तमानपत्र त्या पानावर दुमडून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवीत असे.

मुदतवाढ देणाऱ्यांची बाजू समजून घ्यावी म्हणून मी एकदा साधा हिशेब मांडला. राज्यात अशी जुनी वाहने दोन कोटींच्या आसपास असल्याचे तेव्हा सांगितले जात होते. डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत चार महिने, म्हणजे सुमारे 120 दिवस. रविवार, सण, पाऊस, पाहुणे काही न वगळता रोज एक लाख सहासष्ट हजार पाट्या घडवून, पोचवून, भोके पाडून बसवल्या असत्या तरच ते काम वेळेत होणार होते. म्हणजे लोक आळशी होते म्हणून मुदत वाढली हे अर्धेच खरे. पहिल्या दिवसापासूनच त्या तारखेत हे काम मावणार नव्हते. मग ती तारीख कशासाठी होती? माझ्या मते ती तारीख नव्हतीच, ती हाळी होती. बाजारात भाजीवाला “शेवटची जुडी, शेवटची जुडी” म्हणून ओरडतो, तेव्हा त्याच्या हातगाडीखाली आणखी दोन पोती असतात, हे पत्नीला ठाऊक आहे. मी मात्र दर वेळी धावत जाऊन ती शेवटची जुडी घेऊन येतो.

फास्टॅगच्या वेळीही मी असाच धावलो होतो. 1 डिसेंबर 2019 ही तारीख होती म्हणून नोव्हेंबरातच मोटारीच्या काचेवर तो चिकटवला; ती तारीख आधी 15 डिसेंबरवर गेली आणि पुढे लांबत लांबत सक्ती पूर्णपणे लागू झाली ती 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्री. तोवर ती मोटार मी विकूनही टाकली होती. आणि पाटीच्या बाबतीत पाहायचे तर या उच्च सुरक्षा पाटीचा नियमच मुळात 2001 सालचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 50 मध्ये ती तेव्हाच आली. पुढे 2012 च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्यावरून फटकारलेही होते. म्हणजे माझी 2011 ची स्कूटर शोरूममधून बाहेर पडली तेव्हाच तिला ही पाटी असायला हवी होती. चौदा वर्षे जिची कोणाला आठवण झाली नाही, ती वस्तू एकाएकी चार महिन्यांत हवी झाली आणि मी जिन्याखाली सतरंजी अंथरली.

वेळेवर वागणाऱ्याला काहीच मिळत नाही असे मात्र नाही. पुण्यात मिळकतकर ठरलेल्या मुदतीत भरला तर सवलत मिळते आणि ती घेताना मला दर वर्षी उगाचच शाबासकी मिळाल्यासारखे वाटते. पण थकबाकीदारांसाठी अधूनमधून अभय योजना निघतात आणि दंडाच्या मोठ्या भागाला माफी मिळते; ई-चलन साठवून ठेवणाऱ्यांना लोकअदालतीत तडजोड करता येते. वेळेवर भरणाऱ्याची सवलत आणि थकवणाऱ्याची माफी ही एकमेकांशेजारी मांडली की पोटात थोडे दुखतेच. अभय हा शब्द तर मला विशेष खुपतो. भिऊन आधीच पैसे भरून मोकळ्या झालेल्या माणसाला अभय देण्याची सोय कोणत्याच योजनेत नसते.

शेवटी डिसेंबरच्या आरंभी पत्नीने स्वतःहून अर्ज भरला. तिच्या आरसी बुकाची घडी भलतीकडेच पडलेली असल्याने सगळे आकडे स्वच्छ दिसत होते. केंद्र निघाले घरापासून दीड किलोमीटरवर; मधल्या काळात केंद्रे वाढली होती. आठवड्याने वेळ मिळाली, प्लेट आधीच येऊन पडलेली होती, भोके जुळली, आणि ती परत आली तेव्हा जाण्यायेण्यासह पाऊण तासही झाला नव्हता. शिवाय हाताच्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्या होत्या.

माझी पाटी अजून वाजते. गॅरेजवाल्याने दोनदा रबराचा तुकडा घातला, तो दोन्ही वेळा गळून पडला. पट्टी बदलायची तर लॉक तोडावे लागेल आणि लॉक तोडले तर नव्या पाटीसाठी पुन्हा अर्ज करावा लागेल. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी दोन गतिरोधक आहेत, त्यामुळे मी आलो हे चौथ्या मजल्यापर्यंत कळते. दोघांना मिळून कोठे जायचे असले, की आम्ही आता तिचीच स्कूटर बाहेर काढतो.