इतक्या फिरता, मग शिवता कधी?

"काऊन वो काकू, एवढ्या फिरता, मंग शिवता कवा?" आर्वीच्या एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, पिठाच्या गिरणीवर हा प्रश्न मला हटकून भेटतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आमच्याकडे गोधडीचं वर्ष शेतीच्या मागून चालतं. मृगात पेरणी, मग निंदण, आणि दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की वेचणी. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना अशी लागतात की त्या बोटांनी बारीक टाका पडत नाही. हरभरा, तूर घरात आली, की फाल्गुनात मी जुन्या कापडांची गाठोडी सोडते. चैत्र-वैशाखात सकाळ कुरड्या-सरगुंड्यांची. दुपारी बाहेर आग असते, तेव्हा दार लोटून जमिनीवर थर अंथरायचे, कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, दोन विटा ठेवायच्या आणि काठापासून धावदोरा धरून फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे यायचं. घामाने सुई अडते, मग ती केसांतून फिरवायची. यंदा तीन मोठ्या गोधड्या झाल्या आणि चार दुपटी.

फिरणं होतं ते कार्तिक ते माघ, हात सुईला नकोसे असतात तेव्हा. वेचणीतून एखादा दिवस काढायचा आणि निघायचं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मला फार आधार. कार्तिकात कौंडण्यपूरला गेले, रुक्मिणीचं माहेर, वर्धेच्या काठावरचं. डिसेंबरात अमरावतीला गाडगेबाबांच्या समाधीला. २० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले. अंगावर ठिगळांचं वस्त्र असायचं म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. जुन्या चिंध्यांना एवढा मान देणारा माणूस आपल्याच मुलखातला, हे तिथे उभी असताना मनात येतं आणि डोळे भरतात. दरवर्षी भरतात.

पण यंदाचं खरं देणं सेवाग्रामचं. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. बापूकुटी मी आधीही पाहिली होती, पण नुसती नमस्कारापुरती. या वेळी भिंतीपाशी थांबले. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीने उठवलेली ताडाची झाडं आहेत तिथे. वेगळा रंग नाही, मातीवर मातीच. झाड दिसतं ते फक्त उठावाने आणि त्याच्या सावलीने. मी आजवर नक्षी म्हटलं की लाल, हिरवा, पिवळा दोरा काढत आले. घरी येऊन पांढऱ्या धोतरावर पांढऱ्याच दोऱ्याने ताड शिवला. शिवताना काही कळेना, मन खट्टू झालं. पण एकदा धुऊन वाळवल्यावर टाक्यांच्या मधलं कापड फुगलं, आणि सकाळचं ऊन तिरपं पडलं तेव्हा झाड उभं राहिलं. घरी बसून राहिले असते तर हे मला सुचलं नसतं.

चैत्रात शेजारच्या गल्लीतली एक लेक आईचं गाठोडं घेऊन आली. आई पौषात गेली होती. "काकू, सगळ्याची एकच शिवा." उघडलं तर बहुतेक नायलॉनच्या साड्या. मागे एकदा मी तशी साडी मधल्या थरात घातली होती. थर सरकले, पहिल्याच धुण्यात सगळं गोळा झालं आणि अख्खी गोधडी उसवावी लागली. म्हणून तिला स्पष्ट सांगितलं, या साड्या नेस, नाहीतर जपून ठेव, पण शिवायला नकोत. तिला वाईट वाटलं, मलाही. सुती अशी दोनच लुगडी निघाली. आतल्या थरांना तिच्या वडिलांची धोतरं घेतली.

त्यातलं हिरवं लुगडं दांड घातलेलं होतं. फाटका मधला भाग काढून टाकून दोन धड तुकडे जोडलेले, आईने स्वतः. मी बोट लावून मोजलं, बोटाच्या रुंदीत सहा टाके. माझे पाच येतात, डोळे चांगले होते तेव्हाही पाचच यायचे. तो दांड उसवून कापड सपाट करता आलं असतं, गोधडी जास्त नीट दिसली असती. मी तो तसाच ठेवला आणि वरच्या थरात बरोबर मधोमध आणला. त्याच्या रेषेवर माझा एकही टाका टाकला नाही, अलीकडून आणि पलीकडून गेले.

माझी आजी शेवटचा फेरा मिटवण्याआधी भाकरीचा तुकडा आत ठेवायची. गोधडी उपाशी जाऊ नये, म्हणायची. ते काम मी त्या लेकीसाठी राखून ठेवलं. ती आली, गोधडीवर हात फिरवता फिरवता दांडापाशी थांबली, "हा आईचा हात हाये," म्हणाली. पदराच्या गाठीतून तिने ज्वारीच्या भाकरीचा तुकडा काढला आणि आत सरकवला. मी वरून टाके घातले.