पहाटे ३:१० ची नोंद

आज कपाट आवरताना जुनी डायरी हाताला लागली आणि नेमकं तेच पान उघडलं. वर फक्त वेळ, पहाटे ३:१०, आणि खाली माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात तीन शब्द, "बाबा बरे होतील". आयसीयूच्या बाहेर खुर्चीत बसून गुडघ्यावर डायरी ठेवून लिहिलेलं, पेन उमटत नव्हतं म्हणून 'होतील' दोनदा गिरवलंय. त्या क्षणी जे झालं ते आजही कुणाला नीट सांगता येत नाही, आवाज असा नव्हता पण आतून कुणीतरी सांगितल्यासारखं, एकदम शांत, शंकेला जागाच नाही. दोन अधिक दोन चार याचीसुद्धा इतकी खात्री मला कधी वाटली नसेल.

तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही की वरून कळलेलं खरं ज्ञान की बुद्धीला पटलेलं. लोक यावर हिरीरीने भांडतात, एकजण म्हणतो तुमची श्रद्धा कमी पडते, दुसरा म्हणतो सगळे मेंदूचे खेळ, आणि मला दोघांचीही घाई झालेली दिसते. कारण त्याआधी आयुष्यात एकदा मला अशीच खात्री झाली होती आणि ती तंतोतंत खरी ठरली होती. दोन्ही वेळा आतून वाटलं ते अगदी सारखं होतं. फरक ओळखायची काही खूण मी किती शोधली, नाही सापडली.

रामानुजनबद्दल वाचलं तेव्हा हे थोडं उलगडलं. आपली सूत्रं नामगिरी देवी देते असं ते सांगत. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र पाठवलं, पानंच्या पानं सूत्रं, सिद्धता जवळजवळ नाहीच. हार्डी थक्क झाले पण उत्तरात त्यांनी मागितल्या त्या सिद्धताच. आणि त्या पत्रात मूळ संख्या किती हे मोजण्याबद्दलचा जो मोठा दावा होता तो चुकीचा निघाला! रामानुजनच्या वह्यांमधल्या तीन हजारांवर नोंदी एकेक करून तपासायला नंतरच्या गणितज्ञांना विसाव्या शतकाची अखेर उजाडली, आणि त्या बहुतांश बरोबर ठरल्या. पण चुकीचं सूत्र काही वेगळ्या शाईत उमटलं नव्हतं ना. लिहिणाऱ्या हाताला दोन्ही सारखीच खरी होती. कुठलं खरं हे बाहेर, कागदावर, पायरी पायरीने कळलं, दुसऱ्यांनी तपासल्यावर. म्हणजे सुचायला काय लागतं ते मला माहीत नाही, तर्काने नुसतं बसून असली सूत्रं कुणाला सुचली असती असं मला वाटत नाही, पण ठरवायला मात्र तर्कच लागला.

आणि फ्रेंच गणितज्ञ पास्कल. संभाव्यतेचं गणित ज्या वर्षी फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रं लिहून त्याने उभं केलं त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साधारण साडेदहापासून साडेबारापर्यंत त्याला काहीतरी झालं. त्याने ते लिहून ठेवलं, वेळेसकट. त्यात एक शब्द एकटाच आहे, 'अग्नी'. आणि पुढे, अब्राहम, इसहाक, याकोब यांचा, म्हणजे बायबलमधला देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. हा कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला, १६६२ मध्ये तो वारला तेव्हा नोकराला सापडला. जवळजवळ आठ वर्षं अंगावर. एवढा वाद घालणारा माणूस, पण ही रात्र पुरावा म्हणून त्याने कुणापुढे टाकली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला झालं त्याला साक्षात्कार, दुसऱ्याच्या हातात येईपर्यंत ती ऐकीव गोष्ट झालेली असते, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का हे ऐकणाऱ्याला स्वतःच्याच बुद्धीने ठरवावं लागतं, दुसरं आहे काय त्याच्याकडे.

शंकराचार्य तर ब्रह्म कळायला श्रुतीच, म्हणजे वेदवचनच, प्रमाण मानणारे, पण तेच गीतेवरच्या भाष्यात म्हणतात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुती म्हणाल्या तरी ते प्रमाण होत नाही. जे डोळ्यांना दिसतं, हाताला चटका देतं तिथे श्रुतीचा अधिकार नाही. हे वाचलं आणि मी बराच वेळ नुसती बसून राहिले. बाबांचं बीपी, त्यांची किडनी, हा सगळा अग्नीच्या बाजूचा विषय होता. डॉक्टर रोज आकडे सांगत होते आणि ते आकडे उतरत होते, आणि मी माझ्या तीन शब्दांना धरून बसले होते.

आईला ते पान नंतर दाखवलं होतं. ती म्हणाली, "अगं खरंच तर सांगितलं देवानं, सुटले ना ते, बरंच झालं त्यांचं." मी काही बोलले नाही. तिला त्यात आधार आहे आणि तो काढून घ्यायचा मला हक्क नाही. पण मला माहितीये मला काय कळलं होतं, 'बरे होतील' म्हणजे घरी येतील, चालतील, मला हाक मारतील. गेल्यावर अर्थ बदलला तर मग ते कधी चुकणारच नाही, आणि जे कधी चुकूच शकत नाही त्यातून मला बाबांबद्दल काय कळलं? काहीच नाही. चुकलं होतं ते. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

तरी ते पान मी खोडलेलं नाही. ज्ञान नव्हतं ते, पण त्या सकाळी आत सोडलं तेव्हा बाबांची नखं वाढलेली दिसली, सिस्टरांना विचारून नेलकटर आणलं आणि एकेक बोट हातात धरून कापत बसले, घरी गेल्यावर काय काय करायचं ते त्यांना सांगत. त्यांचे डोळे मिटलेले होते. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही.