सशाच्या पैशातून घेतलेलं शेत

इंग्लंडमधला विंडरमिअर तलाव ओलांडायला मोटारींसकट माणसं नेणारी फेरी आहे. पलीकडे उतरून चढाच्या रस्त्यानं दोनेक मैल चाललं की निअर सॉरी येतं. गाव कसलं, वाडीच ती. ‘पीटर रॅबिट’ या सशाच्या गोष्टीनं गाजलेल्या लेखिका-चित्रकार बिॲट्रिक्स पॉटरचं हिल टॉप हे घर इथलं. मी आले घर बघायला, पण जास्त वेळ गेला तो मेंढ्या बघण्यात.

घर छोटं आणि अंधारं. आत शिरताच काळी लोखंडी चूल. ही चूल, जिना, घड्याळ, सगळं बाईंनी आपल्या चित्रांत जसंच्या तसं उतरवलंय. परसात रुबार्ब दिसलं. लालसर देठ, अळूसारखी रुंद पानं. बाईंच्या गोष्टीतली जेमायमा बदकीण अंडी लपवायची ती याच पानांखाली.

बाई मूळच्या लंडनच्या, १८६६चा जन्म. शाळेचं तोंड पाहिलं नाही, शिक्षिका घरी यायच्या. पुढे त्यांतल्याच एकीच्या आजारी मुलाला १८९३ साली त्यांनी सशाचं सचित्र पत्र लिहिलं. त्याचं पुस्तक करायला प्रकाशक तयार होईनात, तेव्हा पदरचे पैसे घालून १९०१च्या डिसेंबरात २५० प्रती छापून घेतल्या. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं ते रंगीत चित्रांसह काढलं आणि बाईंच्या हातात स्वतःचा पैसा खेळू लागला.

याच प्रकाशकांच्या घरातल्या नॉर्मन वॉर्ननं १९०५मध्ये मागणी घातली. आईवडिलांनी नाक मुरडलं, का तर मुलगा धंदेवाल्यांतला. (पॉटरांची श्रीमंती कापडधंद्यातली, हे सोयीस्कर विसरून!) बाईंनी होकार दिला, पण महिनाभरातच नॉर्मन रक्ताच्या कर्करोगानं गेला. त्याच वर्षी त्यांनी हिल टॉप विकत घेतलं. बदकीण, मांजराची पिल्लं, उंदीर यांच्या गाजलेल्या गोष्टी इथल्याच.

१९१३मध्ये स्थानिक वकील विल्यम हीलिस यांच्याशी लग्न झालं आणि लिखाण हळूहळू मागं पडलं. चरित्रकारांना याची हळहळ वाटो, मला तरी हीच बाई जास्त भावते. गमबूट घालून मेंढ्यांच्या प्रदर्शनात बक्षिसं जिंकणाऱ्या मिसेस हीलिस! मेंढ्याही साध्यासुध्या नव्हेत, हर्डविक. कोकरू जन्मतं काळंकुट्ट, मग लोकर करडी होत जाते आणि तोंड पांढरं पडतं. कुंपणापाशी एक जाडजूड मेंढी माझ्याकडे बघत रवंथ करत राहिली, जागची हलली म्हणून नाही. लोकर राठ, पण या डोंगरातला पाऊस आणि थंडी सोसावी ती याच जातीनं.

मिळकतीतून बाई एकेक शेत घेत गेल्या. १९४३च्या डिसेंबरात वारल्या तेव्हा चार हजारांहून जास्त एकर जमीन नॅशनल ट्रस्टला (जुनी घरं आणि निसर्ग जपणारी संस्था) ठेवून गेल्या. वर अट, डोंगरातल्या शेतांवर शुद्ध हर्डविकच पाळायच्या.

जाणार असाल तर तिकीट आधी काढा. घर लहान, एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. शेजारच्या टॉवर बँक आर्म्समध्ये जेवायची सोय आहे. ही खाणावळसुद्धा जेमायमाच्या पुस्तकात आहे.