आठही खोटे!

मुलाला खोटे मेसेज ओळखायला शिकवायला गेले आणि पंधरा दिवसांत त्याचा खऱ्यांवरचाही विश्वास उडाला.

चूक माझीच. शुद्धलेखन चुकलं की खोटा, घाई करतोय की खोटा, अनोळखी नंबर की खोटा, लिंक आहे की खोटाच, अशी घोकंपट्टी मी करून घेतली होती. मग परीक्षा म्हणून माझ्या फोनमधले ८ मेसेज त्याच्यापुढे ठेवले. ३ खोटे, ५ खरे. चिरंजीवांनी एका दमात निकाल लावला : आठही खोटे! त्यात त्याच्या वर्गशिक्षिकांचा मेसेजही गेला. नंबर नवा, टायपिंग घाईतलं, दोन शब्द चुकलेले. माझ्या नियमांत बाई फिट्ट बसत होत्या. उलट ज्यात काना-मात्रेचीही चूक नव्हती तो बँकेच्या नावाचा मेसेज बनावट होता. तोही त्यानं खोटा ठरवला, पण का? "लिंक आहे ना!"

मग नियम गुंडाळले आणि ती लिंकच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिली. सुरुवातीला बँकेचं नाव, मग टिंब, मग आणखी काहीबाही, मग टिंब, आणि पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या आधी भलतंच नाव. "आडनाव शेवटी असतं ना, तसं. ही कुणाच्या घरची आहे ते शेवटच्या दोन-तीन तुकड्यांत बघ." हे त्याला झटकन कळलं.

"पण कुलूप आहे की!" म्हणजे साइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलपाचं चित्र. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कुणी डोकावणार नाही, पलीकडे चोर बसला असेल तर त्याच्याशी तुमचं बोलणं अगदी गुपित राहील. लोक कुलूप म्हणजे भरवसा समजतात, म्हणून गूगलनं २०२३ मध्ये क्रोममधून ते चित्र काढलं. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड मेसेजच्या वर दिसणाऱ्या दोन बाणांचंही तेच. मेसेज निदान पाच चॅटमधून फिरून आलाय, इतकंच ते सांगतात. म्हणजे पाठवणाऱ्या काकूंना "हे खरं का?" विचारून उपयोग नाही, त्यांनी तो लिहिलेलाच नाही.

बाईंच्या मेसेजचं मात्र अडलं. त्यात लिंक नाही, बाण नाहीत. कितीही निरखला तरी मेसेज स्वतःबद्दल काही सांगेना. "मग कसं कळणार?" तो वैतागला. मी म्हटलं, "मेसेजला कशाला विचारतोस? बाईंनाच विचार. पण या नंबरवर नाही हं."

त्यानं आधीपासून सेव्ह असलेला जुना नंबर लावला. बाईंनीच उचलला. हो रे, नवा नंबरही माझाच, म्हणाल्या. फोन ठेवून त्यानं तो सेव्ह केला. नाव दिलं : 'बाई (खऱ्या)'.